बायजाच्या नावाचं पान

कावळा काही येत नव्हता.

दिनानाथ घरत न्हाणीघराच्या पत्र्यावर ठेवलेल्या पानाकडे बघत केव्हाचे "का, का" करत उभे होते. मिठागरवाल्यांच्या घरातला, आता दोन डंपरचा मालक, आवाज असा की खाणीवरच्या ड्रायव्हरांनी हातातली विडी टाकून उभं राहावं. पण वर्षातून एक दिवस त्या आवाजाला कुणी जुमानत नसे. ते मध्येच थांबत, घसा खाकरत आणि रुसलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशा सुरात पुन्हा आभाळाकडे बघून हाक घालत.

खारदेवळीच्या कावळ्यांना विद्यापीठानं बिघडवलं होतं. पूर्वी भाद्रपदात पान ठेवायचा अवकाश, कावळे झडप घालत. मग खाडीच्या अलीकडच्या माळावर विद्यापीठ आलं, विद्यापीठामागून कँटीन आलं आणि कँटीनच्या मागं उकिरडा आला. तिथं बारा महिने नूडल्स, सामोशाचे कोपरे आणि पावाचे तुकडे पडलेले. घरच्या वड्यांचं कावळ्यांना अप्रूप राहिलं नाही. आमचे पितरसुद्धा आता कँटीनलाच जेवतात, असं गावातले म्हातारे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ओटीवर भिंतीला टेकून बसलेला प्रथमेश म्हणजे त्या कँटीनचाच एक जुना कावळा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि आज या घरी पितर म्हणून जेवायला आला होता. घरतांचा एकुलता एक मुलगा प्रणय विसाव्या वर्षी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या तिथीला त्याच्या वयाच्या कुणाला तरी त्याच्या नावानं पानावर बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं, असा इथला रिवाज. कावळा शिवल्याशिवाय बसणाऱ्याच्या पानावर वाढायचं नाही. म्हणून पुढ्यातल्या रिकाम्या केळीच्या पानाकडे बघत तो वाट पाहत होता.

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. उपाशी यावं असा नियम नव्हता, ती त्याची जुनी सवय. खाडीवरून येणारं भाद्रपदातलं ऊन मऊ होऊन येतं. समोरच्या खाचरांत भात निसवलं होतं, त्याचा दुधाळ वास आणि स्वयंपाकघरातला तळणाचा वास ओटीवर एकमेकांत मिसळत होता. पोट रिकामं असलं की माणसाला कुठलीच गोष्ट पुरती खरी वाटत नाही. दिनानाथांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. भिंतीवरच्या तसबिरीतला प्रणय हार घालून हसत होता आणि आपण त्याच्याकडे बघतोय की तो आपल्याकडे, हे प्रथमेशला क्षणभर ठरवता येईना.

त्याच्या पानाशेजारी हातभर अंतरावर आणखी एक पान होतं. ते मात्र वाढून झालं होतं आणि त्यावर दुसरं पान पालथं घातलं होतं. त्यापुढे कुणी बसणार नव्हतं. जेवणं झाली की ते गाईला जायचं. तिकडे बघायचं तो टाळत होता.

प्रथमेश तळा तालुक्यातला. वडील धर्माजी शाळेत शिपाई, आई बायजाबाई बचत गटात पापड लाटायची. घरून यायचं त्यात फी भागायची, पुस्तकं भागायची, पोटाचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं होतं. पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या फाटकासमोरचा खाण्याचा सगळा भूगोल त्याला पाठ झाला. दत्तात्रेयाच्या गाडीवर वडापाव न मागता चुरापाव मागायचा. कढईत उरलेला बेसनाचा कुरकुरीत चुरा लसणीच्या चटणीबरोबर पावात भरून मिळायचा आणि तोंडाला वड्याहून बरा लागायचा. मिसळ एकानं घ्यायची, पाव तिघांनी बुडवायचे आणि मालकाच्या नजरेला नजर न देता कट पुन्हा पुन्हा मागायचा. गुरुवारी दत्ताच्या देवळात महाप्रसाद. उन्हाळ्यात हायवेवरचा लग्नाचा हॉल. तिथं नवरीकडचे आपल्याला नवऱ्याकडचे समजतात आणि नवरेवाले नवरीकडचे, फक्त इस्त्रीचा शर्ट हवा. होस्टेलला असा एक शर्ट होता, तो आळीपाळीनं जेवायला जायचा.

आणि रोजच्याला नीराबाईची खानावळ. भात-आमटी हवी तेवढी, भाजी एकदाच. प्रथमेश तिथं दुपार कलल्यावर, नीराबाई पातेली विसळायला काढायच्या बेतात असताना जायचा, म्हणजे एका बैठकीत दोन्ही वेळा भागायच्या. रात्रीचं जेवण तो झोपेत जेवायचा. डोळा लागला की आईच्या हातची तांदळाची भाकरी पानात पडे, जवळ्याची चटणी पडे, आई तव्यावरून बोलत असे आणि तो जेवत असे. सकाळी तोंडाला चव असायची, पोट तेवढं खपाटीला गेलेलं.

नीराबाईच्या हे लक्षात आलं होतं. खानावळवालीला कोण हौसेनं जेवतो आणि कोण उद्याचं आजच जेवून ठेवतो ते न सांगता कळतं. दुसऱ्या वर्षाच्या भाद्रपदात एक दिवस ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "पितर बसशील काय रं? माज्या भावाकडं. भाचा गेला माजा, तुज्याच वयाचा व्हता."

प्रथमेशला आधी काही समजलंच नाही. मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. म्हाताऱ्या पितरांची काही अडचण नसते, गावातले म्हातारे वड्यांच्या वासावर आपण होऊन चौकशी करत येतात. पण तरणा गेलेला असला की पंचाईत. गावात तरण्या पोरांना काय तोटा नाही, पण मेलेल्या पोराच्या पानावर आपला धडधाकट पोरगा कोणती आई बसवील? कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, नेमका त्या दिवशी पोराला मामाकडे पाठवतात. प्रणयच्या आईनं, सत्यवती वहिनीनंही स्वतःच शपथ घेतली होती, की आई असलेल्या पोराला आपण बसवणार नाही, दुसऱ्या आईच्या जिवाला घोर लावून आपल्या पोराला शांती कशी मिळेल? त्यामुळे प्रणयच्या पानावर पहिली दोन वर्षं कुणीच बसलं नव्हतं. वाढलेलं पान तसंच उचललं होतं.

"वालाचं बिरडं असतं, वडे, अलुवड्या, खीर," नीराबाई सांगत होती. मग तिनं विचारलं, "तुला आई हाय?"

"नाही," प्रथमेश म्हणाला.

विचार करायला वेळच मिळाला नाही. पोटानं उत्तर दिलं आणि तोंडानं ते बाहेर टाकलं. नीराबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आत गेली आणि त्याच्या ताटात तळलेला बोंबील आणून वाढला. त्या दिवसापासून बिनआईच्या पोराला भाजी दोनदा मिळू लागली. खोटं परत घ्यायचं तर रोजची भाजीही परत द्यावी लागली असती. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. जेवलास का, असं तिनं नेहमीसारखं विचारलं आणि तोही नेहमीसारखाच जेवलो म्हणाला. फरक इतकाच, की त्या दिवशी ते खरं होतं.

पहिल्या वर्षी या ओटीवर बसला तेव्हा त्याला वाटलं होतं, खाऊन उठायचं आणि विसरून जायचं. पण सत्यवती समोर येऊन बसली. मोठ्या हाडापेराची, सावळी, डोळ्यांखाली वर्तुळं पडलेली बाई. तो घास घेई तेव्हा तिचे ओठ किंचित हलत. दिनानाथ मात्र जेवण चालू होताच उठून बांधावर निघून जात, त्यांना ते बघवत नसे. जेवून झाल्यावर पितरानं जरा लवंडायचं असतं म्हणून तिनं झोपाळ्यावर धुतलेली चादर घातली. पोट इतकं भरलेलं असण्याची सवय नसल्यामुळे त्याला तत्काळ झोप लागली. झोपेत तो दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या पांढऱ्या मिठागराच्या बांधावरून मोटरसायकल चालवत होता आणि त्याला हायवे कुठं लागतच नव्हता. जाग आली तेव्हा सत्यवती पायथ्याशी बसून हलक्या हातानं झोपाळ्याची कडी ओढत होती.

तेव्हाच तिनं विचारलं होतं, त्याच्या आईचं पान कोण घालतं? बापूस घालतो का?

आमच्यात नाही घालत, तो म्हणाला. हे तरी खरं होतं. बायजाबाईनं विहारात उभं राहून दीक्षेच्या प्रतिज्ञा म्हटल्या होत्या, श्राद्धपक्ष करणार नाही ही त्यातलीच एक. आपण बौद्ध असल्याचं त्यानं सांगितलं. बांधावरून परतलेल्या दिनानाथांनी पंख्याचं बटण उगाचच बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. आता ओटीवरून उठवतात की काय, असं त्याला वाटून गेलं.

सत्यवती म्हणाली, "तुमच्यात न्हाय, आमच्यात हाय. आई ती आई. तिला कुनीतरी घातला पायजे. नाव काय तिचा?"

"बायजा," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी तो आला तेव्हा दोन पानं मांडलेली होती. एक प्रणयचं आणि दुसरं, हळदकुंकवाचं बोट लावलेलं, बायजाचं. सत्यवतीनं त्या पानाला हात जोडले, आईचं नाव घेतलं आणि पोराकडे लक्ष ठेव म्हणाली. प्रथमेशच्या अंगावर काटा आला. विज्ञान शिकणारा मुलगा, घरात बाबासाहेबांची तसबीर, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही हे बाळकडूच मिळालेलं. तरी जेवून बाहेर पडल्या पडल्या त्यानं बांधावर उभं राहून घरी फोन लावला. आईनं उचलेपर्यंत तो वाजणाऱ्या रिंग मोजत होता. काय रं, काय झालं, तिनं विचारलं. काही नाही, असंच, तो म्हणाला. ती बराच वेळ पापडाच्या उडदाबद्दल बोलत राहिली आणि तो नुसता हुं हुं करत खाडीकडे बघत उभा राहिला.

यंदा तिसऱ्यांदा. आता त्याची उपासमार नव्हती. अकरावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होता, दोन्ही वेळा ताटावर बसून जेवत होता. दत्तात्रेयाच्या गाडीवर सबंध वडापाव मागायचा. इथं यायचं पोटासाठी काही कारण उरलं नव्हतं. पण श्रावण सरला की त्याला सत्यवतीचे ते हलणारे ओठ आठवत. आपण जेवतो याचं इतकं सुख कुणाला तरी होतं, ही गोष्ट त्याला सोडवत नव्हती. हे शेवटचं वर्ष. आज जेवून झालं की तिला खरं सांगायचं, आई आहे म्हणून सांगायचं, पाया पडायचं आणि निघायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. सांगितल्यावर काय होईल ते मात्र त्याला दिसत नव्हतं. आणि कावळा तर येतच नव्हता.

त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा खाडीकडच्या बांधावरून दोन बायका येत होत्या. पुढची नीराबाई, ती चालण्यावरून कळली. मागची हातात कापडी पिशवी घेऊन, पाय जरा फाकवून, निळ्या काठाचं पांढरं लुगडं सावरत चालत होती. उन्हानं बांधावरची हवा हलत होती, त्यात ती मध्येच पुसट होई आणि पुन्हा दिसू लागे. प्रथमेशला भीती वाटली नाही, आश्चर्यही वाटलं नाही. दर वर्षी इथं तिला नावानं बोलावतात, तेव्हा एखाद्या वर्षी ती येणारच, असं त्याला अगदी शांतपणे वाटलं. आई गेली आणि आपल्याला कुणी कळवलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरले.

मग ती अंगणाच्या कडेला थांबली, वाहणा काढल्या आणि म्हणाली, "फोन का लागत न्हाय रं तुजा?"

तेव्हा तो ताडकन उठून उभा राहिला.

झालं होतं ते इतकंच. पोरगा किती महिने घरी आला नाही म्हणून बायजाबाई सकाळच्या एसटीनं निघाली होती. होस्टेलला तो सापडला नाही, फोन त्यानं बंद करून खिशात टाकलेला. कुणीतरी खानावळ दाखवली. नीराबाईनं तुम्ही कोण म्हणून विचारलं आणि त्याची आई हे उत्तर ऐकल्यावर हातातलं उलथनं खाली ठेवलं. वाटेत तिनं बायजाबाईला काहीच सांगितलं नव्हतं. आताही वहिनीला हाक मारून तिनं एवढंच सांगितलं, की ही प्रथमेशची आई आहे, तळ्याकडून आलीय.

सत्यवती स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. तिनं बायजाबाईकडे पाहिलं, प्रथमेशकडे पाहिलं. दिनानाथांनी कावळ्याला बोलवायचं थांबवलं.

बायजाबाईला काही कळलेलं नव्हतं. ती तसबिरीकडे बघत होती, हाराकडे बघत होती, आपल्या पोराच्या कपाळावरच्या गंधाकडे बघत होती. मग तिची नजर खाली पानांवर आली. खेड्यातच वाढलेली बाई, पितरांचं पान तिनं ओळखलं. हे तुझं का, असं तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, हे यांच्या मुलाचं. त्याच्या नावानं मी बसतो. मग ती शेजारच्या झाकलेल्या पानाकडे बोट करून म्हणाली, "आनि हे कुनाचं?"

नीराबाईनं तोंड फिरवलं. सत्यवतीची पळी हातात तशीच होती. सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"तुझं," प्रथमेश म्हणाला. "मी सांगितलं होतं, मला आई नाही. आई नसलेलाच मुलगा हवा होता, आणि मला भूक लागली होती."

तिनं एक थोबाडीत द्यावी, असं त्याला फार वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवीत भाकऱ्या होत्या, फडक्यातून त्यांचा वास येत होता. किती दिस झालं, तिनं विचारलं. हे तिसरं वर्ष, तो म्हणाला. तिनं मान हलवली, जणू दुकानात एखाद्या वस्तूचा भाव ऐकून घेतला.

आणि मग सत्यवती पुढं आली. ती चिडेल, खोटारडा म्हणेल, असं प्रथमेशला वाटलं होतं. पण खोट्याचं तिला काही पडलेलं नव्हतं. तिनं त्याचं मनगट धरलं आणि विहिरीच्या काठावरून पोर मागं ओढावं तसं त्याला पानापासून लांब ओढलं.

"बाय, मना म्हायती नव्हता गो," ती बायजाबाईला म्हणाली. "देवाशपथ सांगतंय. मी तुज्या पोराला माज्या मेलेल्याच्या पानावर बसवला. एक डाव न्हाय, तीन डाव. तुजं नाव घेऊन पान घातला, तू जिती असताना. मना माफ कर. ह्याची मीठ-मिरची काढ घरी गेल्यावर. तुजीबी काढ."

बोलता बोलता ती वाकली आणि ते झाकलेलं पान उचलायला गेली. ते इथून आधी नाहीसं व्हावं, एवढीच तिला घाई झाली होती. दिनानाथ न्हाणीघरापाशी खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी पिळत उभे होते.

"ठेवा ते," बायजाबाई म्हणाली. "अन्न हाय."

तिनं पिशवी ओटीच्या खांबाला टेकवली. नळावर जाऊन पाय धुतले, हात धुतले, पदरानं पुसले. पुन्हा ओटीवर चढली, वरचं पालथं पान उचलून बाजूला ठेवलं आणि आपल्या नावाच्या पानावर मांडी घालून बसली. हे सगळं तिनं अगदी सावकाश केलं.

"आमच्यात हे मानत न्हाईत," ती म्हणाली. "सराद घालनार न्हाय म्हनून मी धा मानसांत सांगितलंय. सरादाचं जेवनार न्हाय, असं काय सांगितलेलं न्हाय. सकाळपास्नं एसटीत हाय मी. भूक लागलीय." मग मान वर न करता पोराला म्हणाली, "बस खाली."

प्रथमेश हलला नाही. सत्यवती मध्ये आली. नको गो बाय, म्हणाली. माझा गेलाय तो गेला. दुसरीचा पोर मी नाही बसवणार, उद्या काही झालं तर मी कुठं जाऊ?

"दुसरीचा कुठं?" बायजाबाई म्हणाली. "हितं मी मेलेलीच हाय की. पान घालतायसा माज्या नावाचं. मग मेलेलीच्या पोराला बसवाया काय हरकत हाय?"

हे ती रागानं म्हणाली की दुःखानं, ते प्रथमेशला कळलं नाही. आवाज साधाच होता, पापड किती लाटले ते सांगावं तसा. पण त्याला आतून कुणीतरी मुळासकट उपटल्यासारखं झालं. भूक लागली म्हणून आपण काय विकून खाल्लं, ते त्याला त्या क्षणी दिसलं. गावातली एकही आई जे द्यायला तयार झाली नव्हती ते ही बाई देत होती, आणि देतानाही त्याच्याकडे बघत नव्हती. तो खाली बसला. त्याचे गुडघे आईच्या गुडघ्यांना जवळजवळ लागत होते.

"कावळा..." दिनानाथ हळूच म्हणाले.

"आपन वाढू," सत्यवती म्हणाली आणि आत गेली. कावळा नंतर आला की नाही, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

तिनं प्रणयचं पान वाढलं. भात, वरण, बिरडं, भोपळ्याची भाजी, अळूवड्या, वडे, द्रोणात खीर. दिनानाथ दर वर्षीसारखे बांधावर गेले नाहीत, ओटीच्या पायरीवर पाठ करून बसले. प्रथमेशनं पहिला घास घेतला. पितराच्या पानावर बसणाऱ्यानं बोलायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, काही मागायचं नाही. वाढलं ते खायचं आणि उठायचं, ही इथली रीत. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघायचा नाही आणि पितराच्या पानावर मीठही वाढायचं नाही, हीसुद्धा रीतच. त्यामुळे जेवण जसं उतरेल तसं उतरायचं आणि बसणारा निमूट गिळायचा. प्रथमेशही तेच करत होता.

बायजाबाईनं बिरडं भातात कालवून एक घास घेतला, दुसरा घेतला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

सत्यवती थबकली.

"वाल चांगलं शिजल्यात. मीठ पडलं न्हाय पुरतं. थोडं आना की, बाय."

नीराबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. त्या घरात किती पिढ्या मिठागर चाललं असेल कोण जाणे, आणि तिथल्या ओटीवर बसून कुणी पितर मीठ मागत होता. मग सत्यवतीच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटलं. ती लगबगीनं आत गेली, डबे उघडल्याचा आवाज झाला, आणि मूठभर मीठ घेऊन बाहेर आली. बायजाबाईच्या पानावर तिनं चिमूट चिमूट वाढलं. पुरे का, विचारलं. बायजाबाई अजून जरा म्हणाली. सत्यवतीनं अजून जरा वाढलं. पान मागतंय आणि आपण वाढतोय, यानं तिचे डोळे वाहू लागले होते आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

तिच्या मुठीत थोडं मीठ उरलं होतं. ती शेजारच्या पानासमोर आली आणि तिथंच खाली बसली. एवढ्या वर्षांत तिनं प्रथमेशला कधी त्याच्या नावाखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती.

"प्रणय," ती म्हणाली, "तुला रं? तुला मीठ घालू?"

पायरीवर दिनानाथांची पाठ ताठ झाली. प्रथमेशचा हात पानावर तसाच राहिला. त्यानं मान वळवून आईकडे बघितलं. पानावर बसल्यापासून तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि फार दमलेले होते.

"सांग की, बाळा," बायजाबाई हळू आवाजात म्हणाली. "तुला इचारतायत त्या."

"घाल, आई," प्रथमेश सत्यवतीला म्हणाला.

तिनं पानाच्या कडेला मीठ वाढलं. बायजाबाई खाली बघून भात कालवत राहिली.